व्ह्यूअर उघडेना तेव्हा

विक्रोळीच्या आमच्या ऑफिसात आम्ही चौघंच. पण सावंतसाहेबांनी सगळ्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून फुकटचं लिनक्स टाकलं आणि किस्से इतके साचले की आधी कुठला सांगू असं होतं. आता हसते, तेव्हा रडू यायचं!

*

पीडीएफ उघडणारा आमचा व्ह्यूअर महा हट्टी. क्लिक केलं की गोल फिरायचं आणि पुढे काहीच नाही. एकदा एका कारखान्याचे मॅनेजर ड्रॉइंगसाठी फोनवर होते. साहेबांनी खुणेने विचारलं, उघडला? मी नाही म्हणून मान हलवली. साहेब फोनवर बिनधास्त म्हणाले, "हो हो, तुमचं ड्रॉइंग समोरच आहे. झकास!"

पलीकडून आवाज आला, "अहो, अजून पाठवलंच नाहीये!"

*

आमचा रोहन दहिसरहून येताना मोबाईलवर उपाय शोधून आणतो. एकदा त्याला मंत्रच सापडला. कमांडच्या आधी 'सुडो' लिहायचं, म्हणजे कॉम्प्युटर तो मालकाचा हुकूम समजतो. व्ह्यूअर उघडला! मग पठ्ठ्या सगळंच सुडोने करायला लागला. शेवटी व्ह्यूअरच्या सेटिंगचं फोल्डर 'रूट' नावाच्या मालकाचं झालं आणि साध्या क्लिकने तो उघडेचना.

साहेब हादरले. "म्हणजे हापीस माझा नि मालक भलतोच?"

*

कांबळेताई आमच्यात सगळ्यात मोठ्या. त्यांच्या मानेवरच्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्ट मेलवर आला आणि त्यांच्या मशीनवर व्ह्यूअर उघडेना. रोहनचा सुडो तिथेही फिरून गेला होता!

"ब्राउझरमध्ये उघडू?" मी विचारलं.

"नको गं, घाई नाही. आधी ह्याचंच बघ." ओढणीचं टोक मात्र त्या बोटाला गुंडाळत होत्या.

"सॉरी ताई, माझ्यामुळे वाट लागली," रोहन म्हणाला.

फोल्डर परत ताईंच्या नावावर करायची कमांड लिहिताना मी सारखी चुकत होते. खूप भीती वाटत होती मला. साहेब खुर्चीमागे उभे राहून देवाचं नाव घेत होते.

व्ह्यूअर उघडला. ताईंनी डोळे मिटून घेतले. मी शेवटची ओळ वाचली, परत वाचली.

"ताई, कॅन्सर नाही! साधी गाठ आहे!"

रोहन तर रडायलाच लागला. मग नाक पुसत म्हणाला, "पण ताई, मेल तुमच्या फोनवर पण आला असेल ना? तिथेच उघडायचा ना!"

ताई म्हणाल्या, "एकटीने?"