एम्बारेकचा अब्सेलाम

आफ्रिकेच्या टोकावरच्या स्पेनच्या सेउता शहरात निवडणूक आली की हफीदाला हटकून बापाची आठवण येते, आणि मग दिवसभर तिला दुसरं काही सुचत नाही. प्रिन्सिपे वस्तीच्या चढावर, बस वळते तिथे, त्याची, म्हणजे अब्सेलामची, चहाची टपरी होती. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. काचेच्या पेल्यात पुदिना कोंबायचा, वरून उकळता चहा ओतायचा आणि गिऱ्हाइकाने पहिला घोट घेतला न घेतला तोच राजकारण सुरू करायचं, हा त्याचा धंदा. चहा बरा असायचा, राजकारण त्याहून बरं.

गंमत अशी की, अर्ध्याहून जास्त आयुष्य त्याला मतच नव्हतं. जन्म याच डोंगरावरचा, पण नागरिकत्वाचे कागद नव्हते. तरी कुठला नगरसेवक कामाचा आणि कुठला नुसता हात मिळवणारा, हे विचारायला लोक त्याच्याकडेच यायचे. उमेदवारही यायचे, गोड बोलायचे आणि याला मत नाही हे कळलं की पेला अर्धा टाकून उठायचे.

उतारवयात एकदाचे कागद मिळाले आणि तिथेच घोळ झाला. कचेरीतल्या कारकुनाने नाव विचारलं. डोंगरावरच्या म्हाताऱ्यांची रीत अशी की, नाव विचारलं की आधी बापाचं सांगायचं, मग आपलं. नाहीतर तू कुणाचा हे समोरच्याला कळणार कसं? अब्सेलाम ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "एम्बारेकचा अब्सेलाम." कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. नाव एम्बारेक, आडनाव अब्सेलाम. दुरुस्तीचा अर्ज कुठल्या खणात जाऊन पडला, देव जाणे. दवाखान्यात एम्बारेक म्हणून पुकारा झाला की हा मुकाट्याने उठायचा. दुखणं काय, कुणाच्याही नावावर दुखतं, म्हणायचा. मतदानाला मात्र तो जाईना. तिथे टेबलावरचा अध्यक्ष तुमचं पूर्ण नाव मोठ्याने वाचतो आणि मतपत्रिकेचं पाकीट पेटीत पडलं की म्हणतो, "वोता." म्हणजे मत दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मत द्यायचं आणि चारचौघांत पुकारा दुसऱ्याच्याच नावाचा, हे त्याला पटत नव्हतं. निवडणुका आल्या नि गेल्या. हा टपरीत बसून दुसऱ्यांना शहाणपण शिकवत राहिला.

मग ते वर्ष उजाडलं. शहर समुद्रापलीकडच्या कादिस प्रांताच्या हाताखालून सुटलं, स्वायत्त झालं. टपरीवर एकच काथ्याकूट: आपण पंचवीस जण निवडायचे, ते त्यांच्यातल्याच एकाला निवडणार, आणि तोच महापौर, तोच शहराचा अध्यक्ष. शेजारच्या हद्दू गवंड्याला काही ते झेपेना. "म्हणजे गटार तुंबलं तरी तोच, आणि माद्रिदशी भांडायलाही तोच?"

"तोच. तुझ्या बायकोशी भांडायला तेवढा तू," अब्सेलाम म्हणाला.

नवं घर मांडलं जातंय आणि आपण उंबऱ्याबाहेर, हे त्याला लागलं होतं. त्यातच हफीदाचं नाव निघालं. मतदानाच्या टेबलावर बसायला तिथे चिठ्ठ्या टाकून साधी माणसं निवडतात, आणि निवडल्यावर नाही म्हणायची सोय नसते. बाप खूश झाला. म्हणाला, "तू असशील ना तिथे? मग माझं नाव नीट वाचायला सांग. नीट वाचलं तर मत देईन. नाही तर आलो तसा परत जाईन." हफीदा हो म्हणून बसली.

मतदानाच्या रविवारी शाळेच्या वर्गात अध्यक्ष म्हणून मिलाग्रोसबाई बसल्या होत्या. औषधाच्या दुकानातल्या, त्याही हफीदासारख्याच चिठ्ठीत सापडलेल्या. हफीदाने त्यांना गाठून सगळं सांगितलं. बाई कनवाळू होत्या, पण छापलंय तेच वाचावं लागेल, म्हणाल्या. मग बाप दारात दिसला. म्हाताऱ्याने इस्त्रीचा झगा घातला होता, दाढी कोरली होती. अर्धी रांग त्याच्या गिऱ्हाइकांचीच, त्यामुळे वरातीसारखी थट्टा चालली होती.

त्याने कार्ड पुढे केलं. बाईंनी वाचलं, "एम्बारेक अब्सेलाम."

अब्सेलामने पाकीट मागे घेतलं. "हे माझं नाव नाही."

थट्टा थांबली. हफीदा उठून त्याच्याजवळ गेली. "बा, मी विचारलं रे. नाही बदलता येत. आता देऊन टाक ना."

तो कार्ड खिशात घालून दाराकडे वळला. मत न देताच हा मरणार, असं हफीदाला वाटलं आणि भर वर्गात ती रडायच्या बेतात आली. दाराशेजारच्या खिडकीतून खाली बंदराची लांब भिंत दिसते. त्या भिंतीच्या दगडांसाठी त्याच्या बापाने खाणीत सुरुंग लावत जन्म काढला होता आणि तिथेच तो गेला. कागद नाहीत, पगारपत्रकात नुसता आकडा, पुरला तिथे साधा दगडही नाही. म्हातारा खिडकीशी थांबला. मागच्यांनी चुळबूळ केली, तरी हलला नाही.

मग त्याने हाक मारली. "हफीदा, तुझ्या आज्याचं नाव या शहरात अजून कुठे लिहिलंय का गं?"

"नाही, बा. कुठेच नाही."

तो परत आला आणि कार्ड टेबलावर ठेवलं. बाईंनी त्याचं मन राखायला आवाज खाली घेऊन नाव वाचायला सुरुवात केली. त्याने हात वर करून त्यांना थांबवलं.

"बाई, जरा मोठ्यानं वाचा. सुरुंगांनी त्याचे कान गेले होते."

मिलाग्रोसबाई खुर्चीतून उठल्या. बाहेरच्या रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी एम्बारेकचं नाव वाचलं. अब्सेलामने दोन्ही हातांनी पाकीट पेटीत सोडलं.

"वोता," बाई म्हणाल्या.