खाऱ्या पाण्यातल्या चिठ्ठ्या

ज्या दिवशी दादाला दवाखान्यात ठेवलं, त्या दिवशी बनारसात पुराची गंगा संकठा घाटाच्या पायऱ्या चढून वर आली.

दादा माझा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, बँकेत होता. आम्ही दोघांनीही लग्न केलं नाही. दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरात आई, तो आणि मी, अशी तिघं राहत होतो. मी कॉलेजात संस्कृत शिकवते. त्याच्या खोलीत चार फुटांची काचेची टाकी होती. गाळलेल्या पाण्यात मोजून मीठ कालवून तो त्या टाकीत समुद्र तयार करायचा. तिच्यात दोन क्लाउनफिश आणि दगडांवर वाढवलेले प्रवाळ होते. त्यातला जांभळा प्रवाळ त्याने कोलकात्याहून रेल्वेने आणला होता, थर्मासमध्ये, नखाएवढा. सात वर्षांत तो पंज्याएवढा झाला.

"मासे कोणीही पाळेल," तो म्हणायचा. "प्रवाळासाठी पाणी पाळावं लागतं." माशांची घाण, उरलेलं खाणं कुजलं की पाण्यात नायट्रेट वाढतं. ते दिसत नाही, त्याला वासही नसतो. मासे तग धरतात, प्रवाळ आक्रसत जातात. म्हणून दर रविवारी तो काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेई, औषधाचे थेंब टाकून हलवी आणि रंग कार्डाशी ताडून बघे. पिवळा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघडलं. आकडा वहीत लिही. बहुतेक रविवारी तो पाच असे. दवाखान्यात जाताना त्याने ते सगळं मला दोनदा करून दाखवलं.

आईने त्याच्यासाठी नेम धरला. रामनामाच्या चिठ्ठ्या कणकेच्या गोळ्यांत घालून रोज अकरा गोळ्या गंगेतल्या माशांना द्यायच्या. इथे हे सगळेच करतात. मी या गोष्टींना हसत आले आहे, पण चिठ्ठ्या मीच लिहिल्या, कारण आईचा हात थरथरतो. गोळ्या घेऊन घाटावर गेले तर गल्लीच्या तोंडाशीच दोरी बांधलेली आणि पलीकडे पाणी.

"दीदी, अभी आठ-दस दिन भूल जाइए," नाववाला म्हणाला.

मी घरी परतले. आईने गोळ्या ओट्यावर झाकून ठेवल्या आणि ती नुसती बसून राहिली. मीच म्हणाले, "आण इकडे. घरात मासे आहेत की."

"अगं, ते खाऱ्या पाण्यातले. काही बिघडणार नाही ना?"

"मासे ते मासेच. काही होत नाही."

त्या घरात नायट्रेट म्हणजे काय हे माहीत असलेली, दादा सोडून, मी एकटीच होते. तरी अकरा दिवस मी त्या गोळ्या टाकीत टाकल्या. माशांनी त्यांना तोंड लावलं नाही. गोळ्या दगडांच्या फटीत गेल्या, तिथे मला दिसेनात. टाकताना मी मनात काहीतरी मागत होते, हेही इथे लिहायला हवं.

दादा रोज संध्याकाळी फोन करायचा. आधी टाकीचं विचारायचा, मग आईचं.

"नायट्रेट किती?"

"पाच."

पहिल्या रविवारी मी तपासलंच नव्हतं. दुसऱ्या रविवारी तपासलं, तर नळी लाल झाली. तरी पाचच सांगितलं, आणि वहीतही पाच लिहिलं.

तो घरी आला तेव्हा जांभळा प्रवाळ पांढरा पडला होता आणि काचेवर तपकिरी शेवाळ चढलं होतं. एक मासाही गेला होता. तो खुर्ची ओढून टाकीसमोर बसला. मग पंपाच्या जाळीला चिकटलेलं काहीतरी त्याने चिमट्याने काढलं आणि तळहातावर पसरलं.

"अक्षर तर तुझं दिसतंय," तो म्हणाला. "काय गं, रामाला मीठ चाललं का?"

तो हसत होता. तेव्हा सांगणं सोपं होतं.

"चिठ्ठ्या मी लिहिल्या," मी म्हणाले. "गोळ्या आईने टाकल्या. मला कळेपर्यंत उशीर झाला होता."

आई दारातच उभी होती, हातात पेजेची वाटी घेऊन.

"आई, अगं हे समुद्राचे मासे. यांना काय ठाऊक तुझा बनारसचा कायदा?" दादा म्हणाला.

आईने माझ्याकडे पाहिलं. "चुकलं रे बाळा," ती म्हणाली. "मला कुठे एवढं कळतं." आणि वाटी त्याच्या हातात दिली.

"आणि तू पाच पाच सांगत होतीस ते?" त्याने मला विचारलं.

"तेव्हा पाचच होतं."

त्याने टाकीजवळची वही उघडली, शेवटचे आकडे पाहिले आणि मिटली. "रोज थोडं थोडं पाणी बदल. घाईने सगळं बदललंस तर उरलंय तेही जाईल." मला तो एवढंच म्हणाला. दसऱ्याच्या आधी तो गेला.

तेराव्यानंतर घरातले पाहुणे पांगले. आई वाती वळत होती. मी समोर बसले आणि म्हणाले, "आई, त्या दिवशी दादाला मी..."

"पाणी बदललंस का आज?" तिने विचारलं.

"नाही."

"मग ते कर आधी."

मी उठले. बादलीत मीठ कालवायला अर्धा तास लागतो. ते झाल्यावर परत येऊन बसले असते तर वाक्य पुरं करता आलं असतं. मी बसले नाही. त्यानंतर पुष्कळ दिवस गेले आहेत, आणि एकाही दिवशी बसले नाही.

टाकीत आता एक क्लाउनफिश आहे आणि मागच्या दगडावर बटणाएवढा एक प्रवाळ. काल नायट्रेट वीस होतं, वहीत वीस लिहिलं. टाकी रिकामी का दिसते असं कोणी विचारलं, तर आई अजूनही सांगते की प्रवाळ तिच्यामुळे मेले.