दोन लेकरं घेऊन वैरागला खो-खो खेळायला

निर्मला दारात आली तेव्हा धाकटा माझ्या पायांवर पालथा होता आणि मी त्याच्या पाठीवर गरम पाणी ओतत होते. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. सोलापुरात साखर पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. निर्मला माझ्या लग्नाआधीच्या खो-खो संघाची कॅप्टन. ती उंबऱ्यापाशी टेकली आणि म्हणाली, वैरागला जत्रेत बायकांचे सामने आहेत, एक मुलगी कमी पडतेय, तू चल. मला हसूच आलं. धाकटा सात महिन्यांचा, थोरली शैला अडीच वर्षांची. लग्नानंतर मी पळले असेन ती फक्त नळाला पाणी आल्यावर.

आमचे हे आत सदऱ्याची बटणं लावत होते. नवी पेठेत कापडाच्या दुकानात काम करायचे, बोलणं कमी. माझा खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. ते बाहेर आले आणि म्हणाले, "जा की. पोरं मी बघतो." निर्मलाने माझ्याकडे पाहिलं. आता माझ्याकडे सबब उरली नव्हती.

मग रोज पहाटे शाळेच्या मैदानावर सराव. पहिल्या दिवशी एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जाईतो धाप लागली. हे कडेला बसायचे, मांडीवर एक, खांद्यावर एक. संघाचा पांढरा कुडता बंद गळ्याचा होता. अंगावर पिणारं मूल असताना त्याचा काय उपयोग? मी तो पुढून कापला आणि बटणं लावली.

निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर ही गर्दी. ह्यांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, मागून शैलालाही खिडकीतूनच आत दिली. लहान मुलं घेऊन असा प्रवास करणार असाल तर एक सांगते, जुनी सुती साडी बरोबर ठेवा. मी ती वरच्या सामानाच्या दांडीला बांधून झोळी केली आणि धाकटा बार्शी रस्त्याच्या खड्ड्यांवर मजेत झोके घेत झोपला. शैलाने मात्र वडाळ्याच्या आत दोनदा ओकारी केली. खिडकीजवळ बसवा, लिंबू हुंगायला द्या, आणि वर एक फ्रॉक जास्तीचा घ्या. आता तो रस्ता चांगला झालाय म्हणतात. तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारीची कापलेली रानं आणि अंगभर फुफाटा.

शेजारी बसलेल्या म्हातारीने विचारलं, जत्रेला का? मी म्हटलं, खेळायला.

"कोन, ही पोरगी?" तिने शैलाकडे बोट केलं.

"नाही, मी."

तिने झोळीत डोकावलं. मग म्हणाली, "मग प्वाट भरून खा. पितं लेकरू हाय."

तिचं ऐकलं. वैरागात उतरल्यावर एका झाडाखाली फडकं पसरून आम्ही कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि हॉटेलातून आणलेलं दही खाल्लं. जत्रेत भज्यांचा घमघमाट सुटला होता, पण खेळायच्या आधी तळलेलं नको म्हणून निर्मलाने कुणाला हात लावू दिला नाही.

मैदान बाजारतळावर. फक्कीच्या रेघा, कडेने दोर, दोराला टेकून माणसं, आणि आसपासच्या घरांच्या मातीच्या माळवदांवर बायका. आमचा पहिला सामना सोपा गेला. तो संपवून येते तर कडेच्या दोरावर धाकट्याचे लंगोट ओळीने वाळत घातलेले. पंच येऊन काढा म्हणाले. "वारं हाय तोवर वाळू द्या की," हे शांतपणे म्हणाले. पंच दोन पोरांच्या बापाकडे बघून निघून गेले.

शेवटचा सामना बार्शीच्या कॉलेजच्या मुलींशी. सगळ्या आमच्याहून लहान, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या. त्यांच्या पाठलागाच्या शेवटच्या डावात आमच्या शेवटच्या तिघींतल्या दोघी बाद झाल्या, तरी आम्ही एका गुणाने पुढे होतो. मैदानात मी एकटी उरले. मी सापडले असते तर बरोबरी, मग पुन्हा डाव, आणि पुन्हा खेळायला माझ्यात जीव नव्हता.

तेवढ्यात धाकटा रडायला लागला. भुकेचं रडणं आईला लांबूनही कळतं. माझा कुडता पुढून ओला झाला. पाय पुढे पळत होते आणि जीव दोराकडे ओढत होता. एकदा तिकडे नजर गेली आणि बार्शीच्या एका मुलीचं बोट माझ्या वेणीजवळून गेलं. पुन्हा नजर टाकली तर हे तिथे नव्हते. धाकट्याला छातीशी धरून, शैलाला ओढत, ते भज्यांच्या दुकानांमागे निघाले होते. नंतर कळलं, मला रडणं ऐकू येऊ नये म्हणून. कानडीत "अळबेड, अळबेड", रडू नको रडू नको, म्हणत येरझाऱ्या घालत होते म्हणे. शेवटची धावपळ त्यांना दिसलीच नाही.

मी बसलेल्या मुलींमधून साखळीने, नागमोडी पळत राहिले. खो, खो, खो. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मग शिट्टी वाजली. मी नाबाद होते.

निर्मला मिठी मारायला आली, तिला चुकवून मी दुकानांमागे धावले. एका घराच्या भिंतीकडे तोंड करून बसले आणि धाकट्याला पाजायला घेतलं. घामाने निथळत होते, तो मात्र निवांत पीत होता.

लाऊडस्पीकरवर बक्षिसं चालू झाली. उत्कृष्ट पळती म्हणून माझं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. मी म्हटलं, राहू दे, निर्मला घेईल. ह्यांनी शैलाला कडेवर घेतलं आणि लाऊडस्पीकरकडे निघाले.

बायकांच्या बक्षिसाला पुरुष आलेला बघून निवेदकाने माइकवरच विचारलं, आपण कोण? दुकानात गिऱ्हाइकाशीही हळू बोलणारा आमचा माणूस माइकजवळ वाकला. सगळ्या बाजारतळाने ऐकलं, भिंतीमागे मीही.

"मी तिचा नवरा. ती बाळाला पाजतीय."

मग माळवदांवरच्या बायकांनी टाळ्या सुरू केल्या.

परतीच्या एसटीत चौघंही झोपलो, कंडक्टरने सोलापूर आल्यावर उठवलं. दुसऱ्या दिवशी मला हात वर होईनात. चाळीच्या नळावर सगळ्यांदेखत ह्यांनी लंगोट धुतले आणि विचारणाऱ्याला गुणांसकट सामना सांगितला, न पाहिलेली शेवटची धावपळही.

बक्षिसाचा तो कप पितळी होता, एका घरबदलात हरवला. मी पुढे दोन वर्षं खेळले, मग गुडघ्याने ऐकलं नाही. वैरागला पुन्हा जाणं झालं नाही. पण पेठेत ह्यांना कुणी "त्या खेळणारीचे मालक का हो तुम्ही?" असं विचारलं, की काम थांबवून, अगदी सरळ उभे राहून ते म्हणायचे, "व्हय, तोच मी."