रशियन केमिस्टचं शेवटचं पान

अमेरिकेतल्या श्रूजबरीत मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते, ते काका आयुष्यभर केमिस्ट होते, औषधांच्या दुकानातले नव्हे, रसायनशास्त्रज्ञ. निवृत्तीनंतर त्यांना एकच वेड होतं: दीडशे वर्षांपूर्वीचा एक रशियन संगीतकार. तोही केमिस्टच. दिवसभर प्रयोगशाळा, विद्यार्थी, घरी सतत पाहुणे. संगीताला वेळ मिळायचा तो आजारी पडून घरी बसावं लागलं की. म्हणून त्याचे मित्र त्याला 'लवकर बरा हो' म्हणायचे नाहीत, 'आजारी पड' म्हणायचे. हे सांगताना काका दर वेळी हसायचे. ते स्वतः रविवारी व्हायोलिन वाजवत, बेसूर नाही, पण भीत भीत, दार लावून. मला ते ओळखीचं वाटायचं; मी मराठी तशीच बोलते.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात त्यांनी या माणसावर बोलायला वेळ मागून घेतला होता. त्याआधीच त्यांची केमो सुरू झाली.

"तू वाच," ते म्हणाले. "मी फोनवर ऐकेन."

"काका, माझं मराठी इंग्लिश मीडियमचं आहे. लोक हसतील."

"हसले तर बरंच. जागे आहेत एवढं तरी कळेल."

नाही म्हणायलाही धीर लागतो. मी त्यांचं भाषण रोमन लिपीत उतरवलं, प्रिंट काढलं आणि आठवडाभर कामावर, लॅबमध्ये पुटपुटत राहिले.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. कमिटीतल्या मावशींनी भाषण मुद्दाम जेवणाच्या आधी ठेवलं होतं. "जेवल्याशिवाय कोण जातंय? सगळे बसतील बघ." मी फोन माइकजवळ ठेवला. काका लाइनवर होते.

सुरुवात बरी झाली. तो आणि त्याचे मित्र परक्या साच्यातलं संगीत बाजूला सारून आपल्या खेड्यांतली गाणी, आपल्या देवळांतल्या घंटा सुरांत आणत होते, तिथपर्यंत लोक ऐकत होते. मग मागचं दार उघडलं. केटररला दुसऱ्या ऑर्डरला जायचं होतं, त्याने ट्रेवरची झाकणं काढली. "स्टार्ट केलं का?" कुणीतरी विचारलं. मागच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. पुढच्या लोकांनी माझ्याकडे बघून ओशाळं हसून घेतलं आणि तेही उठले. मंडळात जेवणाची रांग लागलेली दिसली की कुणाला बसवत नाही. मलाही बसवलं नसतं.

मी वाचत राहिले. फोन उचलून अगदी तोंडाशी धरला, म्हणजे चमच्यांचा आवाज पलीकडे जाणार नाही.

"थांब गं," फोनमधून काका म्हणाले. "पुलाव संपायच्या आत जा."

"एकच पान राहिलंय, काका. लोक ऐकतायत."

"हो, किती ऐकतायत ते ऐकू येतंय मला." ते म्हणाले. "ते पान मला पाठ आहे. जा, जेव."

त्यांनी फोन ठेवला. मी काकूंसाठी डबा भरून नेला, तेव्हा काका झोपले होते, किंवा तसं दाखवत होते. त्या विषयावर आम्ही परत बोललो नाही. व्हायोलिनही वाजलं नाही.

फेब्रुवारीत ते गेले. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. काकू म्हणाल्या, "तूही दोन शब्द बोल." माझे असे शब्द माझ्याकडे नव्हते. ते राहिलेलं पान मात्र पर्समध्ये होतं. तेच वाचलं. एका पार्टीत गप्पा मारता मारता तो संगीतकार कोसळला आणि गेला. कित्येक वर्षं तो लिहीत असलेला ऑपेरा अर्धाच राहिला. मित्रांनी त्याचे कागद गोळा केले. एक भाग त्याने नुसताच पियानोवर वाजवून दाखवला होता, तो एकाने आठवून लिहून काढला. जिथे काहीच नव्हतं, तिथे त्यांनी स्वतःचं घातलं आणि नाव त्याचंच ठेवलं.

त्या दिवशी कुणी उठलं नाही.

निघताना कोट चढवत एक मावशी जवळ आल्या. "छान वाचलंस हं. ते रशियन म्हणजे काकांचे कलीग का?"

मी हो म्हणाले.