मालकांनी कापलेले चौदा फूट

निजामाच्या राज्यात वसमतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी इंजिनावर मिस्त्री होतो. काम करून झालेली वाफ इंजिनातून सरळ आभाळात जायची आणि बॉयलर गाड्यामागून गाड्या लाकूड गिळायचा. ती वाफ एका बंद पिंपात घ्यायची, वरून भोकांच्या ताटांतून विहिरीचं गार पाणी सोडायचं, म्हणजे तिचं जागीच पाणी होऊन पिंपात पोकळी पडते आणि इंजिन कमी वाफेत जास्त ओढतं, असा माझा बेत होता.

अडचण एकच होती. पिंपातलं पाणी नळानं खालच्या हौदात उतरणार, पण हवेच्या दाबानं हौदातलं पाणी त्याच नळातून पोकळीकडे बत्तीस-तेहेतीस फूट चढतं. पिंप त्याहून उंचावर नसलं तर पाणी थेट इंजिनात शिरून त्याचा चुराडा करणार. मला छत्तीस फूट हवे होते. पण मालक भाजीवालीकडं कोथिंबिरीची काडीसुद्धा घासाघीस केल्याबिगर घेत नसत. म्हणून मी सांगितलं, "पन्नास."

"पन्नास? कळस चढवून राहिला का मिस्त्री? पंधरात भागव."

"हवेचा दाब हाय मालक."

"हवेला कुठं वजन असतं?"

मी तेलाच्या रिकाम्या डब्यात थोडं पाणी उकळवलं, वाफ भसाभसा निघू लागल्यावर डबा उतरवून फिरकीचं झाकण घट्ट आवळलं आणि गार पाण्याची घागर मालकांच्याच हातात दिली. "तुमीच वता."

त्यांनी ओतलं. डबा कडाडकन चेपला. मालक दोन पावलं मागं उडाले, पगडी चिखलात. हमाल तोंडात उपरणं कोंबून हसत होते.

"भुताटकी हाय ही!"

"न्हाई मालक. आतल्या वाफेचं पाणी झालं, भायेरच्या हवेनं डबा दाबला."

पगडी झटकत त्यांनी चेपलेला डबा पायानं उलथा करून पाहिला. मग म्हणाले, "बराबर. पण पन्नास न्हाई. चाळीस."

"तीन कमी करतो. सत्तेचाळीस."

तासभर ताणाताणी चालली. शेवटी छत्तिसावर आलो तेव्हा मी कपाळाला हात लावून असा सुस्कारा सोडला की मालकांनी खुशीत चहा मागवला. चौदा फूट कसे कापले, हे ते पुढं बाजारभर सांगत फिरले. मी मान खाली घालून ऐकायचो.

लाकडाचं मचाण उभं राहिलं, पिंप चढलं. सांध्यासांध्यांवर मेणबत्ती धरली. जिथं ज्योत आत ओढली जाई तिथं तागाचे धागे आणि सफेद्याचा लेप भरला. इंजिन चालू केलं तर ते मांजरासारखं गुरगुरलं. मी खुशीत होतो. दुपारी मालक ओरडत आले.

"गाड्या काहून परत चालल्या?"

वाफेची धाडधाड बंद झाली होती. हट्टा गावाकडून कापूस घेऊन आलेले गाडीवान वेशीवर थांबले, कान दिले, आणि जिनिंग बंद समजून दुसरीकडं वळले.

मी धावत जाऊन शिट्टीची साखळी ओढली. गाड्या वळल्या. तेव्हापासून हुकूम सुटला, दर घटकेला शिट्टी. मी तो इमानानं पाळला. मालक जेवून गादीवर आडवे झाले, की एक शिट्टी आपल्या मनानंही.