आगाथा घंटेची किल्ली

आमच्या वायडनरोडात सहाशे वर्षं जोगिणींचा मठ होता. सरकारनं तो मोडला, जोगिणींना घरी धाडलं, त्यांच्या देवळात गवताच्या गंजी रचल्या. गावानं हातापाया पडून एकच वस्तू राखली, मनोऱ्यातली आगाथा घंटा. ढग गडगडला की आगाथा वाजवायची, गारा पळतात, ही जोगिणींपासूनची रीत. थोरल्या जोगीणबाई म्हणे स्वतः दोरीला लोंबकळायच्या, आणि एवढ्या जाड की घंटेआधी मनोराच हलायचा! पुढं वाजवणाऱ्याला सुगीत घरटी एक पेंढी मिळू लागली.

ती दोरी वाल्बुर्गाच्या नवऱ्याकडं, किलियानकडं होती. सासरा दोरी धरूनच गेला होता, वीज पडून. लग्नात बायकांनी चिडवलं होतं, "पोरी, मनोऱ्याशी लग्न लागलंय तुझं!" तेव्हा ती हसली. नंतर मात्र आभाळ काळवंडलं की ती हातातलं काम टाकून मनोऱ्याकडं बघत बसायची.

एका वर्षी पीक छातीएवढं आलं. दुपारी पश्चिमेला ढग दाटला, तसा किलियान निघाला. वाल्बुर्गा दारात आडवी उभी राहिली.

"आज नका जाऊ. वीज बघा कशी नाचतेय!"

"अगं, नाचतेय म्हणून तर जायचं. उन्हात कोण वाजवतं, वेडे?"

हसत तिला बाजूला सारून तो गेला. पण त्या ओढाताणीत थोडा वेळ गेलाच. आगाथा जेमतेम बोलू लागली आणि वीज मनोऱ्यावर कोसळली. मागोमाग अंड्याएवढ्या गारा. पीक भुईसपाट.

किलियानला पुरून परतताना मोठ्या शेताचा धनी श्टोफेल तिला म्हणाला, "तू अडवलं नसतंस तर तो वेळेत पोचला असता. पीक वाचलं असतं." मेलेल्याबद्दल चकार शब्द नाही. त्या हिवाळ्यात पेंढ्या कुठल्या? तिनं सलगमावर दिवस काढले, आणि विहिरीवर ऐकलं, "आली बघा गारावाली!"

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तसाच ढग आला. अख्खं गाव तिच्या अंगणात. ती उंबऱ्यावर वाटाणे सोलत बसली होती.

"मनोऱ्याची किल्ली काढ, वाल्बुर्गा! लवकर!" श्टोफेल ओरडला.

तिनं ओच्यातून किल्ली काढून हात पुढं केला. "घ्या, श्टोफेलदादा. या खेपेला कुणी अडवत नाही."

श्टोफेलनं शेजाऱ्याकडं पाहिलं, शेजाऱ्यानं आभाळाकडं. वीज लखलखली, तशी गर्दी मागं सरकली.

हात अवघडेपर्यंत तिनं तो तसाच धरला. मग किल्ली ओच्यात टाकून ती पुन्हा वाटाणे सोलू लागली. पहिली गार अंगणात टप्पकन पडली.