दोर गिरणीचा, अंगठा आमचा

कचेरीच्या नाझरानं दोरखंडाचं वेटोळं ओट्यावरून माझ्या अंगावर फेकलं. हातात दिलं असतं तर त्याला विटाळ झाला असता. वेटोळं खांद्याला लागून पायाशी पडलं.

"उचल. आन् म्हण, ही दोरी आमीच वळली, सरकार."

म्हटलं.

"मोठ्यानं. सायबाला ऐकू आलं पायजे."

तीन वेळा म्हणायला लावलं. परभणीच्या कचेरीत, लोक जोडे काढतात त्या जागेवर उभी करून. भिंतीला टेकलेले दोन शिपाई फिदीफिदी हसत होते. सरकारी इमारतीत मी जन्मात पहिल्यांदा आले होते, आणि आल्या आल्या खोटं बोलायची तालीम सुरू झाली होती.

आम्ही झरीच्या मांगवाड्यातले. चौदा घरं. अंबाडी भिजवायची, सोलायची, दोर वळायचे. पण कचेरीला लागणारे दोरखंड, तंबूचे, घोड्यांचे, एक व्यापारी गिरणीतून आणून द्यायचा. सरकारला आमची फक्त वेठ चालायची. हाताला काम नाही म्हणून वाडा रिकामा होत चालला होता. माझा नवरासुद्धा कापसाच्या कारखान्यात हमालीला गेलेला. तीन-तीन महिने तोंड दिसायचं नाही.

मग हैदराबादेहून हुकूम सुटला. जो माल जिल्ह्यात बनतो तो कचेऱ्यांनी जिल्ह्यातल्या कारागिरांकडूनच घ्यावा. ऐकून माझे सासरे रडले. मला वाटलं, आता नवरा घरी येईल. कचेरीची खरेदी बघणारा हा नाझर स्वतः वाड्याच्या तोंडापर्यंत आला, चौदा घरांची नावं लिहून घेऊन गेला. आम्ही खुळे. जाताना त्याच्या गाडीच्या बैलांना नवा कासरा दिला, फुकट. तो त्यानं घेतला. कासऱ्याचा विटाळ होत नसतो.

पुढं दोर कुणी मागितलेच नाहीत. नुसते अंगठे मागितले. कागदावर माल आमचा, कोठीत माल त्याच व्यापाऱ्याचा. आणि आता तपासणीला हैदराबादचा साहेब आला होता. त्याला दाखवायला वाड्यातलं एक माणूस हवं होतं. सासरे तापानं फणफणलेले. शिपाई म्हणाला, "म्हातारा नसंल तर सून चालंल. अंगठा कुणाचाबी चालतो." वाटेत त्यानं बजावलं होतं, एक शब्द चुकला तर चौदाही घरं हवालातीत.

साहेब ओट्याच्या कडेला आला.

"ये तुमने बनाई?"

मी वेटोळं उचललं, पाठ केलेलं बोलायला तोंड उघडलं, आणि तिथंच घात झाला. आमच्यात दोर हातात आला की आधी त्याचं टोक उलगडतात. आत काय आहे ते बघतात, मग बोलतात. लहानपणापासूनची खोड. भीतीनं डोकं बंद पडलं होतं, पण बोटं आपल्या कामाला लागली. टोक उलगडलं. आत अंबाडी नव्हतीच. गिरणीचा धागा, सगळे पीळ एकसारखे, हाताला कधी जमणार नाहीत असे.

साहेब माझ्या बोटांकडं बघत होता. "क्या देख रही है?"

नाझर घाईनं म्हणाला, "कुछ नहीं हुजूर, जाहिल औरत है."

जाहिल म्हणजे काय, ते मला कळत होतं. ज्या कामात माझी हयात गेली, त्याच कामात मी अडाणी! अंगाची आग झाली. आणि भीती एवढी, की उभ्या जागी लुगडं ओलं होईल असं वाटलं.

"न्हाई सरकार," मी म्हणाले. "ही दोरी आमची न्हाई. आमाला कुनी वळायलाच सांगितलं न्हाई."

साहेबानं दोर बघितला, नाझराकडं बघितलं आणि तो आत गेला. त्यानं काय लिहिलं, मला आजतागायत माहीत नाही. नाझर ओट्यावरून हळूच म्हणाला, "आता बघ."

मी घरी रस्त्यानं आलेच नाही. घोड्याची टाप ऐकू आली की ज्वारीत घुसायची, पालथी पडून राहायची. घरी सासरे म्हणाले, "पोरी, समद्यायला बुडवलंस." आठ दिवस माझ्या घशाखाली भाकर उतरली नाही. नवरा दूर होता. कुणाच्या आडोशाला जाणार?

नवव्या दिवशी तोच शिपाई नवा कागद घेऊन आला. "अंगठा द्या. मागचं इसरतो म्हनलेत नाझरसायब."

सासऱ्यांनी अंथरुणातून हात पुढं केला. सासऱ्याच्या अंगाला सुनेनं हात लावायचा नसतो. मी लावला. मनगट घट्ट धरलं.

"दोर न्या. अंबाडी भिजायलीय, वळून देतो. अंगठा न्हाई."

शिपायाची काठी माझ्या हातावर बसली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा मी ओरडले. पण मनगट सोडलं नाही.

कचेरीला दोर लागत असेल तर तिनं तो आमच्या अंगणातून विकत न्यावा. नाहीतर कागद कोरा ठेवावा. मी जिवंत आहे तोवर माझ्या घरातला अंगठा त्यावर उठणार नाही.